अनुभव धागा: ई-स्पोर्ट्स आणि आपलं घर. नाशिककरांनो, लिहा

2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता, आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं. 2023ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं तक्त्यात धरली गेली. त्याआधी डिसेंबर 2022मध्ये केंद्राने हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे दिला होता. दिल्लीत हे ठरलं, पण सिडको, सातपूर, पंचवटीतल्या घरांत काय बोललं जातं? खेळणारे, खेळणाऱ्यांचे आईवडील, ज्यांना हे मुळीच पटत नाही ते, सगळ्यांनी लिहा. ‘मुलं वाया गेली’ किंवा ‘हेच भविष्य’ एवढ्यावर सोडू नका. नेमकं काय घडलं ते सांगा.

सिडको, बी.कॉम.ला आहे

मी आमच्या बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती) स्क्वाडचा आयजीएल, म्हणजे खेळताना निर्णय घेणारा कर्णधार. कुठे उतरायचं, झोन (खेळायची आकसत जाणारी हद्द) सरकला की गाडी कुठून काढायची, हे मी ठरवतो. स्पर्धेच्या एका सामन्यात चौघांचे 16 संघ, म्हणजे 64 जण. शेवटपर्यंत टिकलेल्या संघाला 10 गुण, मारलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा 1. त्यामुळे कधी भिडायचं आणि कधी दबा धरून बसायचं, हा हिशोब सतत डोक्यात चालू असतो.

स्क्रिम, म्हणजे सराव सामने, रात्री नऊनंतर. बाबांची अंबडला पहिली पाळी, आणि घर वन रूम किचन. मी ‘मागून दोघं, कड्यावर!’ असं ओरडलो की त्यांची झोप मोडते. म्हणून जिन्यात बसून खेळतो, तिथे रेंजही बरी येते. बाबांचा प्रश्न एकच असतो, याचं सर्टिफिकेट मिळतं का? मावसभाऊ खो-खो खेळला आणि खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून नोकरीला लागला. माझ्याकडे जिंकल्याचे स्क्रीनशॉट आहेत. शिवाय पबजी मोबाइल सप्टेंबर 2020ला बंद झाला, बीजीएमआय 2021ला आला, जुलै 2022ला स्टोअरवरून गेला, मे 2023ला परतला. जे उद्या असेल की नाही माहीत नाही, त्यावर दोन वर्षं कशी घालवू द्यायची, असं बाबा विचारतात. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

इंदिरानगर, आई

आमच्या नात्यात एकाचे बरेच पैसे रमीच्या अ‍ॅपमध्ये गेले. तेव्हापासून ‘गेम’ म्हटलं की सासूबाईंना तेच दिसतं. ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेम बंद केल्या आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. मी त्यांना ती बातमी वाचून दाखवली. ‘म्हणजे याच्यात काही भरावं लागत नाही?’ त्यांनी विचारलं. मुलगा खरं बोलला, ‘आजी, कधी कधी एंट्री फी असते.’ प्रवेश शुल्क आणि बक्षीस कायद्याला चालतं, पण आजीला चालत नाही. शाळेच्या सहलीला भरतो तसेच हे पैसे, हे तिला पटवायचं काम अजून चालू आहे.

नाशिक रोड, व्हॅलोरंट खेळते

व्हॅलोरंट हा संघाने खेळायचा नेमबाजीचा गेम: 5 विरुद्ध 5, आधी 13 राउंड घेईल तो जिंकला. माईक बंद ठेवला तर मला कुणी काही बोलत नाही. पण शत्रू कुठल्या साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) आला हे सांगितलं नाही तर आपणच हरतो. तोंड उघडलं की ‘अरे, मुलगी आहे’, मग ‘जा, पोळ्या लाट’. मी त्यांना म्यूट करते आणि संघाला सूचना देत राहते. गेमिंग कॅफेत जायचं तर आई धाकट्या भावाला सोबत पाठवते. त्याला मात्र एकट्याला जायची मुभा आहे.

पंचवटी, निवृत्त क्रीडाशिक्षक

मला हा खेळ वाटत नाही. हर्सूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य घेऊन आली, चांदवडकडचा दत्तू भोकनळ 2016ला रिओत वल्हवला. शरीर झिजवल्याशिवाय हे होत नाही. आणि त्याहून मोठा आक्षेप: कबड्डीचा मालक कोण? कुणीही नाही. चुन्याची रेघ मारली की डाव सुरू. तुमच्या गेमला मात्र कंपनी आहे. ती नियम बदलेल, दुकान बंद करेल, मग खेळाडूने कुठे जायचं?

गंगापूर रोड

सर, शरीर झिजण्याचाच निकष लावला तर आपल्या नाशिकच्या बुद्धिबळपटू विदित गुजराथीला कुठे बसवायचं? 2024ला बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघात तो होता. 2025ला रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळही होतं, तिथे माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन जिंकला. मालकीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि या पोरांसाठी कुणीतरी ते शोधायला हवं असं मनापासून वाटतं.

पिंपळगाव बसवंत

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमचा स्क्वाड मोडतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं.

फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोड

चार बोटांनी फोन धरून खेळणारी मुलं येतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मनगट आखडतं, मान पुढे आलेली असते. यातलं बरंचसं व्यायामाने आणि मधल्या विश्रांतीने आटोक्यात येतं. क्रिकेटच्या बॉलरचा खांदा दुखला तर वडील स्वतः घेऊन येतात. ही मुलं घरी बोलतच नाहीत, कारण ‘मग खेळू नकोस’ हे उत्तर ठरलेलं असतं. माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं.