संख्याशास्त्राचा तास कुठून सुरू व्हावा: आकडे गोळा करण्यापासून की सूत्रापासून?

(गणित शिक्षकांच्या चर्चेतील नोंदी; प्रत्येक नोंदीच्या आधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

आरंभबिंदू (चर्चाप्रस्ताव)

उच्च माध्यमिक वर्गांना मी बरीच वर्षे गणित शिकवतो. संख्याशास्त्राचे प्रकरण आले की दरवर्षी तेच घडते. फळ्यावर वारंवारता सारणी (कोणती संख्या किती वेळा आली याचा तक्ता) येते, विद्यार्थी तिच्यावरून मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (संख्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) आणि प्रमाण विचलन (संख्या मध्याभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) काढतात आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी जुळले की प्रकरण संपते. हे आकडे कोणी, कशासाठी आणि कशाने मोजले, असे एकही विद्यार्थी विचारत नाही, कारण ते मुळात कोणी मोजलेलेच नसतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे.

यंदा मी पहिल्या तासाला सूत्र दिलेच नाही. वर्गातल्या छत्तीस जणांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि "काल रात्री किती झोपलात?" एवढाच प्रश्न विचारला. उत्तरांत "७" होते, "साडेसात" होते, "११ ते ६" होते, "आठ-नऊ" होते, एकाने मिनिटांत "४५०" लिहिले होते, एकाने "झोपच नाही" असे लिहिले होते आणि दोन चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या. उरलेला संपूर्ण तास या चिठ्ठ्यांवर वाद घालण्यात गेला. "आठ-नऊ" म्हणजे साडेआठ धरायचे का? "झोपच नाही" हे शून्य मानायचे की गाळायचे? एका विद्यार्थिनीने दोन्ही करून पाहिले, तेव्हा सरासरी हलली आणि मध्यक जागचा हलला नाही. मध्यक कशासाठी हवा, हे मला त्या दिवशी समजावून सांगावे लागले नाही.

हे खेळीमेळीचे काम वाटेल, पण याच निर्णयांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान कोसळून सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडी आणि रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांची हानी यांचा संबंध तपासला होता, परंतु विचार झाला तो मुख्यतः हानी झालेल्या उड्डाणांचाच, आणि तेवढ्या सात बिंदूंत तापमानाचा स्पष्ट संबंध दिसत नव्हता. हानी न झालेली उड्डाणे त्यांत मिळवली की चित्र पालटते: ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत हानी होती आणि त्याहून उबदार हवेतल्या सुमारे वीस उड्डाणांपैकी केवळ तीनमध्ये. कोणत्या ओळी गाळल्या गेल्या, हा प्रश्न आपल्या कोणत्या उदाहरणसंग्रहात विचारला जातो?

तळटीप

आपली तळमळ मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. मीही हाच विषय शिकवते आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. आधी आकड्यांचा पसारा मांडला की हुशार मुले चर्चेत रमतात, बाकीची गप्प बसतात आणि महिन्याअखेरीस कोणाच्याच हाती पक्के काही लागत नाही.

पाच संख्या घ्या: ३, ५, ६, ८, १३. मध्य ७. प्रत्येक संख्येचे मध्यापासूनचे विचलन मुलांना पेन्सिलीने काढू द्या: उणे ४, उणे २, उणे १, १, ६. बेरीज शून्य येते. दोन-तीन मुले आपले चुकले असे समजून खोडरबर घेतात, पुन्हा करतात आणि पुन्हा शून्यच येते. हा क्षण यंत्रावर कधीच येत नाही. मग कोणीतरी म्हणते की चिन्हे सोडून द्या, आणि बेरीज १४ येते. आता तेच मध्यकापासून, म्हणजे ६ पासून करायला सांगा. बेरीज १३ येते, म्हणजे कमी. वर्ग करून पाहिले तर मात्र ६ पासून ६३ आणि ७ पासून ५८. नुसत्या अंतरांच्या हिशेबात मध्यक जिंकतो आणि वर्गांच्या हिशेबात मध्य. प्रमाण विचलनात वर्ग का करतात, याचा खरा उलगडा इथे सुरू होतो, आणि त्यासाठी छत्तीस चिठ्ठ्या नव्हे, पाच नीटनेटक्या संख्याच लागतात. त्या कोणी मोजलेल्या नाहीत, यात मला कमीपणा वाटत नाही.

दुसरे असे की, तुमच्या चिठ्ठ्यांवरून निघालेला निष्कर्ष कोणाबद्दल आहे? त्या वर्गाबद्दल, त्या एका रात्रीबद्दल, की त्या वयाच्या सगळ्या मुलांबद्दल? यादृच्छिक निवडीचा (प्रत्येकाला सारखी संधी देऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडीचा) सिद्धांत शिकवल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका भरून आल्या होत्या आणि त्यांवरून त्याने रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. आकडे मिळवण्यात त्या साप्ताहिकाने काहीच कसर ठेवली नव्हती. नावे टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती आणि उत्तर पाठवायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवले होते. उणीव होती ती नमुन्याच्या, म्हणजे सगळ्यांच्या वतीने निवडलेल्या गटाच्या, विचाराची.

रेघोटी

वरील दोन्ही प्रतिसादांत आलेखाला दुय्यम स्थान मिळाले आहे, म्हणून थोडे लिहिते. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी १९७३ साली मांडलेले आकड्यांचे चार संच मी दरवर्षी वापरते. प्रत्येकात अकरा बिंदू, क्षचा मध्य ९, यचा मध्य सुमारे ७.५, सहसंबंध गुणक (दोन राशी सरळ रेषेत किती जोडीने बदलतात याचे माप) सुमारे ०.८२, म्हणजे हाताने मन लावून आकडेमोड करणाऱ्याला चारही संच एकसारखेच वाटतील. बिंदू कागदावर मांडले की एक संच सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा स्वच्छ वक्र, तिसरा एका चुकार बिंदूमुळे तिरका झालेला, आणि चौथ्यात तर एक बिंदू सोडून बाकी सगळे एकाच उभ्या रेघेवर. तळटीप यांची पाच संख्यांची मांडणी मला फार आवडली, पण पेन्सिलीने काढलेले उत्तरही डोळ्यांनी तपासावेच लागते.

वेळापत्रक

तिघांचेही पटते. मात्र आमच्याकडे या प्रकरणाला वर्षाचे बारा तास मिळतात आणि त्यांतले दोन परीक्षांच्या तयारीत जातात. चिठ्ठ्यांचा वाद एक तास चालला तर मी कोणता घटक सोडावा, हेही कृपया सांगावे.

आरंभबिंदू

वेळापत्रक यांना सरळ उत्तर देतो: वर्गीकृत सारणीवरून (जिच्यात मूळ नोंदी नसतात, फक्त गटवार संख्या असतात) मध्यक आणि बहुलक (सर्वाधिक वेळा येणारी संख्या) काढण्याची सूत्रे सोडावीत. मूळ नोंदी हाताशी नसत आणि गणना हातानेच करावी लागे, तेव्हा ती सूत्रे मोलाची होती. आज नोंदी स्प्रेडशीटमध्ये असतात आणि मध्यक नेमका मिळतो. त्याचा अंदाज करण्यासाठी तीन तास घालवणे मला पटत नाही.

तळटीप यांचे एक म्हणणे मी स्वीकारतो. माझ्या वर्गात "हा निष्कर्ष कोणाबद्दल?" हा प्रश्न मी विचारला नाही आणि तो विचारायला हवा होता. पण तो प्रश्न तुम्हाला सुचला तो चिठ्ठ्या होत्या म्हणून. ३, ५, ६, ८, १३ या संख्यांबद्दल तो कोणाला सुचणार नाही.

तळटीप

सुचणार नाही, हे खरे आहे, आणि त्या संख्या त्यासाठी नाहीतच. वर्गीकृत सारणीची सूत्रे सोडण्यास माझी हरकत नाही.

हरकत आहे ती आणखी एका गोष्टीला. या चर्चेत संभाव्यतेचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. समजा हजार लोकांत दहा जण आजारी आहेत. चाचणी त्या दहांपैकी नऊ जणांना ओळखते आणि निरोगी ९९० पैकी दर दहांत एकाला चुकून आजारी ठरवते, म्हणजे ९९ जणांना. "आजारी" असा अहवाल आलेल्या १०८ जणांत खरे आजारी नऊच, म्हणजे बारांत एक. हा हिशेब मी वर्गात कागदावर मांडते तेव्हा मुले काही वेळ बोलतच नाहीत, कारण बहुतेकांनी मनात नव्वद टक्के धरलेले असतात. आयुष्यात कधी ना कधी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातात असा अहवाल येणार आहे. "आकडे हाताळणे" या नावाखाली पुढे हाच भाग कापला जाईल, ही माझी खरी भीती आहे, कारण तो स्प्रेडशीटवर उठून दिसत नाही आणि प्रकल्पाच्या वहीत चांगला दिसत नाही.

आरंभबिंदू

तो कापला जाऊ नये, यावर आपले दुमत नाही. वेळापत्रक यांच्या बारा तासांचा हिशेब मी असा मांडेन: चिठ्ठ्यांना दोन, तुमच्या पाच संख्यांना एक, आलेखांना तीन, नमुन्याला दोन, संभाव्यतेला दोन आणि राहिलेले दोन परीक्षांचे. चिठ्ठ्यांचा तास मात्र मी पहिलाच ठेवीन.

तळटीप

मी तो तिसरा ठेवीन. पाच संख्यांवर हात बसलेला विद्यार्थी "झोपच नाही" या चिठ्ठीपाशी आला, तर शून्य धरल्याने वर्गांची बेरीज किती फुगेल हे त्याला आकडेमोड करण्याआधीच दिसेल. यंदा मी माझ्या दोन तुकड्यांना दोन वेगळ्या क्रमांनी शिकवून पाहते. कोणती तुकडी कोणत्या क्रमाने शिकेल, हे नाणे उडवून ठरवीन.