मदत हवी आहे: लिमिट आणि इंटिग्रलची अदलाबदल कधी चालते?

नमस्कार मंडळी. एमएस्सी मॅथ्स, पहिलं वर्ष, मुक्काम राजारामपुरी. सिक्वेन्स-सिरीज कसंबसं निभावलं, आता गाडी अडलीय युनिफॉर्म कन्व्हर्जन्सवर (म्हणजे फंक्शन्सचा सिक्वेन्स सगळ्या बिंदूंवर एकसारख्या वेगाने लिमिटकडे जाणं). प्रश्न असा: लिमिटचं इंटिग्रल आणि इंटिग्रल्सचं लिमिट एकच कधी येतं?

० ते १ वर एक्सचा एनवा घात घ्या, एन वाढवत न्या. कन्व्हर्जन्स युनिफॉर्म नाही, लिमिट १ पाशी तुटतं. तरी इंटिग्रल येतं १/(एन+१), म्हणजे निमूट शून्याकडे जातं. आता दुसरं: एन गुणिले एक्स, गुणिले (१ − एक्सचा वर्ग) या कंसाचा एनवा घात. प्रत्येक बिंदूवर लिमिट शून्यच, पण इंटिग्रल जातं १/२ कडे! आलेख काढून बघितला, तर टेकडी डावीकडे सरकत अरुंद होते आणि उंची मात्र वाढतच जाते.

युनिफॉर्म असणं पुरेसं आहे, गरजेचं नाही, एवढं कळलं. पण सगळ्या फंक्शन्सची उंची बाउंडेड राहिली (एकाच ठराविक आकड्याच्या आत) आणि लिमिट रीमान इंटिग्रेबल असलं (नेहमीच्या पद्धतीने इंटिग्रल निघणारं), की अदलाबदल चालतेच का? प्रूफ मेझर थिअरीशिवाय होतं का? (डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स, म्हणजे मेझर थिअरीतलं याच अदलाबदलीचं प्रमेय, त्याचं नाव सांगून मोकळं होऊ नका राव, ते आम्हाला अजून यायचंय.)

दुपारी शिवाजी विद्यापीठाच्या लायब्ररीत असते. समोर बसून सांगणारं कुणी असेल तर चहा माझ्याकडून.