मदत हवी आहे: सारण भरलेला फ्रेंच टोस्ट आतून गिजगा होतोय

मंडळी, रविवारी लेकीचा वाढदिवस आहे आणि तिला सकाळी नाश्त्याला सारण भरलेला फ्रेंच टोस्टच हवाय. गेल्या रविवारी करून पाहिला, पण नीट जमला नाही.

बेकरीतून अख्खा मिल्क ब्रेड आणून दीड इंच जाडीचे काप केले. प्रत्येकाला कडेने सुरीने खिसा पाडून आत क्रीम चीज, थोडी पिठीसाखर आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या फोडी भरल्या. २ अंडी, १ कप दूध, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड फेटून त्यात काप बुडवले, लोण्यावर भाजले. वरून रंग इतका सुरेख आला! कापला तर मधला ब्रेड ओला, अंड्याचा वास तसाच, आणि स्ट्रॉबेरीचं पाणी सुटून चीज खिशातून तव्यावर आलेलं. लोणीही करपलं.

फ्रेंच लोक याला ‘पॅं पेर्दू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. मूळ पदार्थ शिळ्या पावाचाच, आणि माझा ब्रेड त्याच दिवशीचा, अगदी लुसलुशीत होता. चूक तिथेच झाली का? काप रात्रभर उघडे ठेवू का? दूध अर्धा कप करू? तव्यावर रंग आणून मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवायचं असेल, तर किती मिनिटं? लोण्यात थोडं तेल घालायचं ठरवलंच आहे.

फोडींऐवजी आटवलेला जॅम भरावा असंही वाटतंय, पण लेकीला ताजी फळंच आवडतात. ज्यांनी केलाय त्यांनी कृपया शनिवारपर्यंत सांगा.