देवघरातले पितळी देव पुस्तकांच्या कपाटात ठेवले, तर ते देव राहतात का?

कृष्णाकाठची

आई गेल्यावर वर्षभराने आम्ही वाईचं घर रिकामं केलं. दादा बंगळुरूला, मी पुण्यात, तिथे राहणारं कुणी उरलं नव्हतं. पलंग, पाटा-वरवंटा, बंब यांचं काय करायचं ते दोन दिवसांत ठरलं. देवांचं काही ठरेना. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे करून मी एकेक देव त्यांत गुंडाळला, सगळे एका स्टीलच्या डब्यात भरले आणि डबा मांडीवर घेऊन पुण्याला आले.

रांगता बाळकृष्ण, गणपती, पिंड आणि तिच्यासमोरचा नंदी, दोन अन्नपूर्णा, मुठीवर गरुड असलेली घंटा, हे सगळं पितळेचं. खंडोबा-म्हाळसेचा टाक, म्हणजे देवांची प्रतिमा उठवलेला छोटा पत्रा, तेवढा चांदीचा. माझ्या घरात देव्हारा नाही. सकाळी साडेसातला बाहेर पडते ती रात्रीच परतते. म्हणून बैठकीतल्या पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून देव तिथे मांडले. महिन्यातून एका रविवारी आमसुलाच्या पाण्याने घासते, पुसते, पुन्हा मांडते. गंध, फूल, नैवेद्य काही नाही.

परवा, ऐन चैत्रात, आत्या आली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कपाटासमोर थांबून म्हणाली, "गौर झोपाळ्यात नाही बसवलीस?" आणि थोड्या वेळाने, "देव पारोसे ठेवलेस गं." रागावली नाही, नुसतं म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खूप विचार केला आणि आता माझं मत मांडते. आमच्या बाळकृष्णाला नाक उरलेलं नाही. डोळ्यांच्या जागी दोन खळगे आहेत. पणजी, आजी, आई, तिघींनी रोज घासून तो चेहरा गुळगुळीत केलाय. मी त्याच्यावर अंगठा फिरवते तेव्हा त्यांच्या बोटांनी झिजवलेल्या जागी माझं बोट जातं. माझ्यासाठी मूर्तीचा अर्थ हा आहे. मंत्र म्हटले नाहीत तरी मी ती जपते, तिला नीट जागा देते. याला अनादर म्हणता येणार नाही असं मला वाटतं. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.

पळीपंचपात्र

ताई, तुमच्या भावनेबद्दल शंका नाही, पण मत पटलं नाही. पूजेतली मूर्ती म्हणजे घरातलं एक माणूस. घरातल्या माणसाला सकाळी पाणी विचारायचं नाही, महिन्यातून एकदा न्हाऊ घालायचं आणि बाकीचे दिवस कौतुकाने बघत राहायचं, असं आपण करू का?

आपल्या परंपरेत घरातली मूर्ती मुद्दाम लहान ठेवलेली आहे. मत्स्यपुराणात माप दिलंय: अंगठ्याच्या पेरापासून एका वितीपर्यंत, घरात त्याहून मोठी नको. ती हातात मावली पाहिजे, ताम्हनात बसली पाहिजे, रोज उचलून न्हाऊ घालता आली पाहिजे. लांबून बघायची मूर्ती देवळात असते. घरातली मूर्ती हाताळायची असते. तुमच्या पणजीने ती झिजवली ती रोज न्हाऊ घालून. तुम्ही झिजेवर प्रेम करता आणि ज्याने झीज झाली ते थांबवता, हे मला कळत नाही.

पाच मिनिटं पुरतात. पाणी घाला, पुसा, गंध लावा, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवा. तेही जमणार नसेल, तर जिथे रोज दिवा लागतो अशा घरी देव द्या. आत्याबाई खरंच बोलल्या.

ओतारी

माझे आजोबा आणि वडील ओतकाम करायचे. मी दुकान बघतो, पण भट्टीजवळच वाढलोय. म्हणून या बाजूने लिहितो.

तांबट ठोकतो, ओतारी ओततो. मूर्ती ओतीव. फर्मा वाळूमातीत दाबून साचा उठवायचा, मुशीत पितळ वितळवायचं, ओतायचं, निवल्यावर साचा फोडायचा. मग कानस, मग छिन्नी, मग घासकाम. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त 907 अंशांना उकळतं आणि पितळ त्याच्या आसपासच वितळतं, त्यामुळे मुशीतून पांढरा धूर निघतो. त्या धुराने ओताऱ्याला ताप भरतो. माझ्या वडिलांना कितीतरी वेळा भरलेला मी पाहिलाय. देव एवढ्या कष्टाने घडतो हे लोकांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्दा. मुशीत काय जायचं? मोड. फुटलेली घागर, चेपलेला तांब्या, गळका नळ, बंबाची तोटी. तेच पितळ त्या दिवशी बाळकृष्ण व्हायचं. वडील मूर्ती ओतताना आणि घंटा ओतताना सारखेच वागायचे. पण ओतलेल्या मूर्तीचे डोळे उघडायचे, म्हणजे छिन्नीने बुबुळ कोरायचं, तेव्हा हातपाय धुऊन बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. मी विचारलं होतं, "आता देव झाला का?" म्हणाले, "आपण फक्त जागा करून द्यायची. पुढचं ज्याच्या घरी जाईल त्याच्यावर."

म्हणून मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. आज मुरादाबाद, अलीगढकडून जो माल येतो त्यातल्या बऱ्याच मूर्तींवर लॅकरचा हात असतो, काळी पडू नये म्हणून. ती शोभेची. तिला रोज अभिषेक केला तर लॅकरचे पोपडे निघतात आणि ती कोड आल्यासारखी दिसते. पूजेसाठी मूर्ती घेणाऱ्यांनी बिनलॅकरची मागून घ्यावी. दुकानात हा फरक विचारणारी माणसं फार कमी झालीत, याचं वाईट वाटतं.

ताई, आमसूल चालेल, पण लगेच साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा. आंबटात पितळ भिजत ठेवलं की जस्त निघून जातं आणि वर तांबूस चट्टे उरतात. लोकांना वाटतं मूर्ती उजळली, पण ती विरत असते.

नुसताच वाचक

मी वेगळं बोलणार आहे. धातू हा धातूच. आपल्याच तुकोबांचा 'केला मातीचा पशुपति' हा अभंग आठवा. मातीचा शंकर केला तरी पूजा शंकराला पोचते आणि माती मातीत मिळते. पाषाणाचा विष्णू, काशाची जगदंबा यांचंही तेच. 'कांसें राहे कांसेंपणें' हे साडेतीनशे वर्षांपूर्वी देहूच्या माणसाने सांगितलं, आणि आज आपण एका शहाण्या बाईला देव पारोसे राहिले म्हणून रात्रभर जागवतो.

माझ्या घरी बारा गणपती जमलेत. प्रत्येक वास्तुशांतीला, प्रत्येक निवृत्तीच्या समारंभाला एक. टाकवत नाहीत, पुजवत नाहीत. भीतीपोटी वस्तू सांभाळणं ही भक्ती नव्हे. ताई प्रेमाने सांभाळतायत, उत्तम. उद्या त्यांना मूर्ती मोडीत घालावीशी वाटली तरी त्यात पाप नाही. ओतारीदादांच्या मुशीत देव पुन्हा तांब्या होईल, कुणाची तरी तहान भागेल.

पळीपंचपात्र

अभंग अर्धा घेतलात. त्यात पूजा धरलेलीच आहे. पूजा अंबेची, ती अंबेला पोचते आणि कासं कासं राहतं. पूजाच काढून टाकली तर काय उरतं? नुसतं कासं. म्हणजे तुकोबांच्याच म्हणण्याप्रमाणे कपाटातली मूर्ती हे पितळ आहे. तुमचा दाखला माझ्या बाजूचा आहे.

आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथांनी टीका लिहिली, प्रतिमेचे आठ प्रकार सांगितलेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. मनातलीही मूर्तीच मानलीय. त्यामुळे ताईंना मूर्तीशिवाय मनात पूजा करायची तर दार उघडं आहे. माझं म्हणणं एवढंच की समोर मूर्ती ठेवली की तिच्याकडे पाठ करून बसू नये.

थोरली सून

इतका वेळ वाचत होते. एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही, ती मी बोलते.

ती 'पाच मिनिटं' कुणाची? आमच्या घरात बावीस वर्षं माझी. थोरल्याकडे देव, म्हणून देव माझ्याकडे. न्हाऊन धुतल्या वस्त्राने देव पुसायचे, त्याआधी चहा नाही. बाळंतपणातून उठले तसे देव पुन्हा माझ्याकडे आले. महिन्याचे चार दिवस तेवढे दुसऱ्या कुणी पाणी घालायचं, आणि त्या चार दिवसांत नवऱ्याला दरवेळी विचारावं लागायचं की गंध कुठे आहे. गावाला जायचं तर देवांची सोय आधी. मी भक्तीने केलं, खोटं सांगत नाही. कित्येक सकाळी ताम्हनात देव मांडताना मला जे शांत वाटलंय ते दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. पण ते माझ्यावर सोपवलं आहे, मला कुणी विचारलेलं नाही, हेही तितकंच खरं.

सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन, दागिने, अगदी पितळी हंडेसुद्धा मोजून घेतले. देव कुणी मागितले नाहीत. तेव्हा मला कळलं की देवांचा मान सगळ्यांना हवा असतो आणि देवांची आंघोळ एकीने घालायची असते.

म्हणून पळीपंचपात्र, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण मला सांगा, तुमच्या घरचे देव रोज कोण घासतं?

ताई, दोन अन्नपूर्णा म्हणालात. त्यातली एक तुमच्या आईची असणार. लग्नात गौरीहरापाशी बसून मुलगी जिची पूजा करते ती अन्नपूर्णा माहेरची असते आणि तिच्याबरोबर सासरी येते. बाकीचे देव सासरचे, ती एक तिची. माझी मी वेगळ्या वाटीत तांदळावर ठेवते. उद्या सगळे देव कुणाला द्यायची वेळ आली तरी ती मी देणार नाही. तुमच्या आईची कोणती ते आत्याला विचारा, त्यांना नक्की माहीत असेल.

पळीपंचपात्र

प्रश्न सरळ विचारलात, सरळ उत्तर देतो. पूजा मी करतो, पंचवीस वर्षं. पण पूजेची उपकरणी आणि देव घासून ठेवते ती पत्नी. नैवेद्यही तीच करते. तुम्ही लिहिल्यावर आज पहिल्यांदा मोजलं, माझी वीस मिनिटं आणि तिची पाऊण तास. 'पाच मिनिटं' हा शब्द मी मागे घेतो.

बाकी मत तेच आहे.

सातासमुद्रापार

इंग्लंडहून लिहितो. जुने देव परदेशी न्यायचा विचार कुणी करत असेल तर एक काळजी घ्या. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती जुनी दिसत असेल तर ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्या. आमच्या घरच्या मूर्ती त्यामुळे काकांकडे राहिल्या. इथे तुळशीबागेतून आणलेला चार बोटांचा गणपती आहे. त्याला इतिहास काहीच नाही. पण माझी मुलगी परीक्षेला जाताना त्याला हात लावून जाते, आणि तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं.

आत्याला फोन केला. अन्नपूर्णेचं विचारल्यावर ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, जिच्या हातातली पळी किंचित वाकलीय ती आजीची, न वाकलेली तुझ्या आईची. पळी कशी वाकली तेही सांगितलं. घरात आजोबांचं मोठं आजारपण चालू असताना आजीने देव पाण्यात ठेवले होते. ते बाहेर काढताना अन्नपूर्णा तिच्या हातातून फरशीवर पडली. हे मला ठाऊकच नव्हतं. आजोबा बरे झाले, मूर्ती तशीच राहिली.

नुसताच वाचक, तुमचा धीर देणारा सूर आवडला, पण मोडीत घालणं मला जमणार नाही. पळीपंचपात्र, तुमचं एक वाक्य मला बोचलं आणि ते खरं आहे. झीज मला हवी आहे आणि जिने ती झाली ती रोजची आंघोळ मी बंद केलीय. तरी सगळ्या देवांची साग्रसंगीत पूजा मी करणार नाही, तेवढा विश्वास माझ्यात नाही आणि तो असल्याचं दाखवणं मला देवापुढे तरी नको वाटतं. बाळकृष्णावर मात्र रोज पाणी घालते आहे. आज आठवा दिवस. मंत्र नाही. बाकीचे अजून कपाटातच आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओतारीदादा, बाळकृष्णाचे नाक-डोळे पुन्हा कोरून मिळतात का? दादाचं म्हणणं की करून घ्यावं. दुसरी, टाक. आत्या म्हणते टाक कुळाचा, तो दादाकडे जावा, लग्न झालेल्या लेकीकडे नको. दादाला तो नको आहे, मला हवा आहे.

ओतारी

कोरून मिळतात, पण मी करणार नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. कोरायला आधी सपाट करावं लागतं, म्हणजे तुम्ही म्हणता ती बोटांची जागा कानशीखाली जाईल. आमच्याकडे अशा मूर्ती येतात तेव्हा वडील त्या हातात घेऊन बराच वेळ बघत बसायचे आणि तशाच परत द्यायचे.

पळीपंचपात्र

याबाबतीत ओतारींशी सहमत. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये म्हणतात ते तुटलेल्या, तडा गेलेल्या मूर्तीबद्दल. सेवेने झिजलेल्या मूर्तीला मी व्यंग मानत नाही.

टाकाबद्दल मात्र आत्याबाईंचं बरोबर आहे. कुळाचा देव कुळात राहावा. दादांना समजावा.

थोरली सून

ज्याला नको आहे त्याच्याकडे देव पाठवायचा आणि जिला हवा आहे तिला नाही म्हणायचं? ताई, एकदा टाक घेऊन आत्याबरोबर जेजुरीला जाऊन या. देव भेटवून आणा. गडाच्या पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत, पण खाली बसून टाक मांडीवर घ्यायला त्या येतील. तिथे तुम्हीच त्यांना पुन्हा विचारा.

कृष्णाकाठची

विचारलं. पुढच्या रविवारी जातोय. टाक आपल्या मांडीवर राहील, असं तिने आधीच सांगून ठेवलंय.