मुक्तीचा रस्ता विचारताना आलेले हसू उपासनेत सांगावे का?

ठाणेकर_शिक्षिका (प्रश्न)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सहल पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला निघाली होती. रमाबाईंचे केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात आहे, हे गाडीतल्या ज्येष्ठांना पक्के ठाऊक होते. पण ज्येष्ठ मंडळी मागच्या आसनांवर भजने गाण्यात रंगली होती आणि पुढे बसलेल्या मुलांनी मोबाईलवर नुसते 'केडगाव' एवढेच लिहून यादीतले पहिले नाव निवडले होते. पुण्यात सोलापूर रस्त्याला लागण्याऐवजी आम्ही नगर रस्त्याला लागलो आणि वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा अशी गावे मागे टाकत, भर दुपारी अहिल्यानगरला लागून असलेल्या केडगावात जाऊन थांबलो.

तेथे आमच्या पाळकबाईंनी खिडकीतून डोकावून रसवंतीच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांना अगदी मनापासून विचारले, "बाबा, मुक्तीला कसे जायचे?" आजोबांनी रसाचा पेला खाली ठेवला, गाडीतल्या सगळ्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "बाई, एवढी घाई कशाला? पोरं अजून लहान आहेत."

गाडीत जो हशा पिकला तो कितीतरी वेळ थांबेना. सगळा प्रकार उलगडल्यावर आजोबाही पोटभर हसले. मग ते उठून गाडीपाशी आले आणि बॉनेटवरच्या धुळीत बोटाने रेघा ओढून त्यांनी आम्हाला वाट दाखवली: शिरूरपर्यंत माघारी, तेथून न्हावरा, मग चौफुला आणि पुढे केडगाव. म्हणजे आणखी शंभरेक किलोमीटर.

येत्या रविवारी तरुणांच्या उपासनेत हा अनुभव साक्ष म्हणून सांगावा असे मला वाटते. पण 'मुक्ती' या शब्दावर उपासनेत हसणे योग्य नव्हे, असे मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंचे म्हणणे आहे, आणि त्यांचे मन मला दुखवायचे नाही. शिवाय हरवलेल्या मेंढराचा दाखला मुलांनी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो सुरू होताच त्यांचे लक्ष उडते. या प्रसंगाला पवित्र शास्त्रातला दुसरा कोणता उतारा खरोखर लागू पडेल?

वसईची_लेक

ताई, मी कॅथलिक आहे, त्यामुळे मला पहिल्यांदा जपमाळ आठवली. तीत ज्या प्रसंगांवर मनन करतात त्यांना रहस्ये म्हणतात; आनंदाच्या पाच रहस्यांतले पाचवे रहस्य म्हणजे बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तो प्रसंग. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात तो वाचताना मला दर वेळी आमच्या गावातून वेलांकणीला निघणाऱ्या यात्रेची गर्दी डोळ्यांसमोर येते. वल्हांडणाचा सण आटोपून सगळे नासरेथच्या वाटेला लागले, मुलगा सोबतच्यांमध्ये कुठेतरी असेल असे आईवडिलांनी गृहीत धरले आणि एक दिवसाची वाट चालून गेल्यावर तो कोणापाशीच नाही हे त्यांच्या ध्यानात आले. तुमच्या गाडीत तेच झाले. वाट कोणाला तरी माहीत आहे, अशी प्रत्येकाची समजूत होती.

तीन दिवस शोधणाऱ्या आईच्या जिवाला किती घोर लागला असेल! तरीही चर्चने हा प्रसंग दुःखाच्या रहस्यांत न घालता आनंदाच्या रहस्यांत ठेवला, हे मला फार मोलाचे वाटते. हरवण्याची गोष्ट सापडल्यानंतरच सांगितली जाते, म्हणून ती सांगताना हसू येते, आणि त्या हसण्यात देवाचे आभारही असतात. तुम्ही ती अवश्य सांगा.

निवृत्त_पाळक

भगिनी, आपण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घ्यावा, असे मी सुचवतो. पूर्वेकडून आलेले मागी लोक, म्हणजे नवजात येशूच्या शोधातले ज्ञानी, तारा पाहून निघाले, पण पोहोचले यरुशलेमेत. राजा जन्मला आहे तर तो राजधानीतच असणार, असे त्यांनी धरले असावे. बेथलेहेम तेथून अवघे नऊएक किलोमीटर दक्षिणेला. इतक्या लांबून आलेली ती शहाणी माणसे शेवटच्या टप्प्यावर चुकीच्या गावात उभी राहून वाट विचारत होती, आणि तीही पुढे त्या बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाच्या नगरात! मी अनेक वर्षे नाताळात हा उतारा समजावून सांगितला, पण त्यातली ही गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली.

आपल्या आजोबांमुळे त्यातली दुसरी बाजूही उठून दिसते. यरुशलेमेतल्या शास्त्र्यांना वाट ठाऊक होती. त्यांनी मीखा संदेष्ट्याचे वचन काढून गावाचे नाव अचूक सांगितले, परंतु त्यांच्यापैकी कोणी मागी लोकांबरोबर निघाल्याचे मत्तय सांगत नाही. तुमचे आजोबा मात्र हातातला पेला ठेवून, उन्हात चार पावले चालून गाडीपाशी आले. मुलांना हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

एक गोष्ट मात्र जपावी. प्रत्येक भरकटण्यावर हसता येत नाही. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांची होरेब डोंगराहून कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट अकरा दिवसांची, असे जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, आणि दुसऱ्या अध्यायात कादेश-बर्ण्या सोडल्यापासून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत ३८ वर्षे गेल्याचे लिहिले आहे. त्या लोकांना वाट सापडत नव्हती असे नाही. त्यांनी देवाचे ऐकले नाही, आणि एक अख्खी पिढी रानात संपली. तुमच्या मुलांची चूक साधी होती आणि ती कळताच त्यांनी गाडी वळवली. हा फरक सांगितलात तर त्या वडीलधाऱ्या बंधूंचेही समाधान होईल, असे मला वाटते. आणि खुद्द अब्राहामाच्या मुलाच्या, इसहाक या नावाचा अर्थच 'तो हसतो' असा आहे, हेही त्यांना प्रेमाने सांगावे.

दौंडकर

मी याच भागातला, म्हणून आधी कामाची गोष्ट सांगतो. पुढच्या वेळी रेल्वेने या. पुणे-दौंड मार्गावर केडगाव हे स्थानक आहे, तेथे उतरलात की वाट चुकायची भीतीच नाही.

आता 'मुक्ती' या शब्दाविषयी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी केडगावी आणले. तेथे उभ्या राहिलेल्या घराला हे नाव मिळाले. म्हणजे हा शब्द तेव्हापासून पत्रांवर लिहिला गेला असणार आणि गाडीवानांनी वाटेत विचारलाही असणार. 'मुक्तीला कसे जायचे' हा प्रश्न आमच्याकडे आजही लोक रोज विचारतात आणि आम्ही रोज हात करून दिशा दाखवतो. त्यात अनादर आहे, असे मला कधीच वाटले नाही.

आणि वाटेवरच्या माणसांविषयी बोलायचे तर रमाबाईंचे सारे बालपणच वाटेवर गेले. आईवडिलांबरोबर एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला, पुराणे सांगत, पायी. दुष्काळात आईवडील गेल्यावर भाऊ श्रीनिवास आणि त्या तशाच चालत राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. हे मुलांना सहलीच्या आधी सांगितले असते तर गाडीत कोणी झोपले नसते.

ठाणेकर_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मागी लोकांचा उतारा नक्की केला आहे. आज सकाळी मी त्या वडीलधाऱ्या बंधूंना दौंडकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्या आजोबांचे नाव विचारलेत का?" आम्ही विचारले नव्हते. उपासनेच्या शेवटी त्यांच्यासाठी प्रार्थना मी करतो, असे बंधूंनी आपण होऊन सांगितले आहे.

आणि हो, त्या दिवशी केडगावला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. ज्यांच्याकडे आमची जेवणाची सोय होती त्या कुटुंबाने पिठले पुन्हा गरम करून वाढले. चालकाने दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला घेतली तेव्हा मुलांनी त्याला बॉनेट पुसू दिले नाही. त्या रेघा ठाण्यापर्यंत तशाच आल्या.