इलेक्ट्रिक स्मोकरला पीआयडी कंट्रोलर बसवायचाय, पण धुराचं काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरी साधा इलेक्ट्रिक स्मोकर (मंद आचेवर, धुरात मांस शिजवायची पेटी) आहे: 120 व्होल्ट, 800 वॅटचं एलिमेंट, बायमेटलचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार एलिमेंट चालू-बंद करणारा साधा स्विच). मला 225 फॅरनहाइट (साधारण 107 सेल्सिअस) हवंय, पण तापमान 200 ते 260 मध्ये हेलकावे खातं. दहा-बारा तास चालणारं ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) त्याच्या भरवशावर सोडायला जीव धजत नाही.

दाराला नवीन गॅस्केट लावलं, तळाशी विटा आणि पाण्याचा ट्रे ठेवला. फरक पडला, पण थोडाच. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासलाय, तो बरोबर दाखवतो.

आता पीआयडी (तापमान सतत मोजून उष्णता कमी-जास्त करणारा कंट्रोलर), हीटसिंकसकट 25 अँपिअरचा एसएसआर (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) असा बेत आहे. एसएसआर बिघडला की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणून जुना थर्मोस्टॅट काढणार नाही. तो कमाल तापमानावर लावून सिरीजमध्ये ठेवेन, म्हणजे एसएसआर अडकला तरी तो वीज तोडेल. सॉकेट जीएफसीआयचं (करंट गळला की वीज तोडणारं) आहे, वायरिंग इलेक्ट्रिशियन तपासणार आहे.

खरी अडचण धुराची. धुरासाठीच्या लाकडाच्या चिप्सचा ट्रे एलिमेंटच्या अगदी वर आहे. आज एलिमेंट बराच वेळ सलग तापतं म्हणून चिप्स धुमसतात. पीआयडी ते थोडं थोडं चालू-बंद करणार, मग चिप्स धुमसतील का? आत पेलेट ट्यूब (लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरून धुमसवायची जाळीदार नळी) ठेवावी, की बाहेर डबा जोडून धूर पाइपने आणावा? थर्मोकपल मांसाच्या जाळीजवळ लावावं की भिंतीला? आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना यातलं कुणी काय चालवलंय?