घरातले सगळे मिळून हलता-डुलता ते कसं? टिकलेले प्रकार सांगा

"चला, व्यायाम करूया" म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवतात. लेकाचा अभ्यास निघतो (एरवी कधी निघत नाही), नवऱ्याचा मेल राहिलेला असतो, सासूबाईंचा गुडघा दुखायला लागतो. पण गाणी लावून स्टॅच्यू खेळायला घेतलं की हीच मंडळी घाम निघेपर्यंत नाचतात! प्रत्येकाने एक गाणं निवडायचं, दुसऱ्याच्या गाण्याला नाकं मुरडायची नाहीत आणि रिमोट सगळ्यात छोट्याकडे. तो मेला बरोब्बर आजीचा एक पाय वर असतानाच गाणं थांबवतो, म्हणून त्या आता खुर्चीची पाठ धरूनच नाचतात. तर तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. पहिल्या आठवड्याच्या उत्साहातलं नको, टिकलेलं सांगा. आणि जिमच्या फॅमिली पॅकेजबद्दल तर अजिबात नको.

—

आमच्याकडे बॅडमिंटन, पण पॉइंट मोजत नाही. पॉइंट मोजले की धाकटी हरते, मग रॅकेट फेकते, मग मोठा चिडवतो आणि घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. आता फक्त रॅली मोजतो, म्हणजे शटल खाली न पडता किती वेळा इकडून तिकडे गेलं ते. सगळे एकाच बाजूचे, त्यामुळे स्मॅश मारणाऱ्यालाच सगळ्यांची बोलणी बसतात. बाबाने डाव्या हाताने खेळायचं असं लेकीने ठरवलंय, त्याने फारसा फरक पडलेला नाही हे आपलं आपल्यात. वारा असला की शटल भलतीकडेच जातं, त्या दिवशी सरळ पकडापकडी.

—

घरात टीनएजर असणाऱ्यांसाठी. आमचे चिरंजीव घरात "हं", "माहीत नाही" आणि "नंतर" एवढंच बोलतात. रात्री जेवण झाल्यावर चालायला जायचं ठरवलं तर आधी स्पष्ट नकार. मग त्याच्या बाबांनी एक नाणं घेतलं, प्रत्येक वळणावर उडवायचं, छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे, आणि परतायचं कधी ते मुलाने सांगायचं. कुठे पोचणार ते कोणालाच माहीत नसतं म्हणून तो येतो. आणि शेजारी शेजारी चालताना बोलतो हो! समोरासमोर बसवून विचारलं की तोंडाला कुलूप, पण अंधारात पुढे बघत चालायचं असलं की शाळेतलं, मित्रांचं, सगळं आपोआप निघतं. फोन फक्त एक न्यायचा, तोही माझ्या पर्समध्ये.

—

माझी मोठी लेक व्हीलचेअर वापरते. त्यामुळे 'सहकुटुंब डोंगर चढा' छापाचे सल्ले आले की मी पुढचं वाचतच नाही. बरीच वर्षं आमच्याकडे असं चालायचं की आम्ही खेळणार आणि ती स्कोअर लिहिणार. तिने एक दिवस सांगितलं, मी स्कोअर लिहिणार नाही, तुम्ही खाली बसा. तिने सिटिंग व्हॉलीबॉल बघितलेला होता. हा खेळ १९८० पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सगळे जमिनीवर बसून खेळतात, चेंडू मारताना बूड उचललं की फाउल, आणि नेट पुरुषांसाठी १.१५ मीटर, बायकांसाठी १.०५ मीटर उंचीवर. आम्ही दोन खुर्च्यांना ओढणी बांधतो आणि चेंडूऐवजी फुगा घेतो, फुगा सावकाश खाली येतो त्यामुळे पाच वर्षांच्या भाच्यालाही वेळ मिळतो. बसल्या बसल्या हातांवर सरकत फुग्यापर्यंत पोचणं काय असतं ते करून बघा, दहा मिनिटांत दंड आणि पोट बोलायला लागतं. लेकीचे हात व्हीलचेअर ढकलून ढकलून तयार झालेत, ती आम्हा सगळ्यांना लोळवते. या खेळात सर्व्हिस ब्लॉक करता येते, हे तिने आम्हाला पहिल्या दिवशी मुद्दाम सांगितलं नव्हतं. भांडण झालं त्यावरून, आणि मला त्या भांडणाचा फार आनंद झाला, कारण तोवर तिच्याशी खेळात कोणी भांडलंच नव्हतं. सगळे तिला जिंकू द्यायचे.

—

वरचं वाचून आम्ही फुगावाला प्रकार लगेच करून पाहिला. नवऱ्याला आज हसतानाही पोट धरावं लागतंय. लेकीला शाबासकी सांगा!

—

मी आजोबा लिहितोय. पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मला ते जाम कंटाळवाणं वाटायचं. मग नातीने ताबा घेतला. दात घासताना दोघांनी एका पायावर उभं राहायचं, एक हात बेसिनवर, ज्याचा पाय आधी टेकला त्याने दुसऱ्याचं अंथरूण घालायचं. ती लबाडी करते, गुदगुल्या करते. मी तक्रार करत नाही, अंथरूण घालताना वाकणं-उठणंही होतंच की.

—

इतका वेळ कुठून आणता तुम्ही लोक? मी एकटी, शिफ्टची नोकरी, दोन मुलं. रविवारचे मोठे बेत कायम फसतात. मला एकाच गोष्टीने धीर आला, की मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम हे जे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते सलग करायची गरज नाही. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची ही जुनी अट त्यांच्या २०२० च्या शिफारशींत काढून टाकलीये. म्हणून आमचा जिना आणि फासा. घरी येताना फासा टाकायचा, एक आला तर नेहमीसारखं चढायचं, दोन आला तर उलटं (कठडा धरून), तीनला एक मजला चढून परत खाली, पुढचे आकडे मुलं बदलत राहतात. बेडूकउड्यांवर मी बंदी घातलीये, खालचे शेजारी वर आले होते.

—

स्मार्टवॉचवर घरात स्पर्धा लावण्याच्या मात्र मी विरोधात आहे. आमच्याकडे १० हजार पावलांची चुरस लागली, तर लेकाने घड्याळ कुत्र्याच्या पट्ट्याला बांधलं! सगळ्यात जास्त पावलं त्याचीच, आणि कुत्रा फिट. तसाही तो आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरमुळे रूढ झाला, कोणा डॉक्टरने मोजून मापून ठरवलेला नाही. आम्ही आता गप्पांवर मोजतो. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाहीये, म्हणजे वेग बरा आहे. लेक मुद्दाम गाऊन दाखवतो, मग वेग वाढवावा लागतो.

—

एक प्रश्न. मुलगी सहा वर्षांची, सगळ्यांनी मिळून सायकल चालवायची फार इच्छा आहे पण तिची साइड व्हील्स सुटत नाहीत. काढली की रडारड. काय करावं?

—

साइड व्हील्सबरोबर पेडलपण काढा. सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मग पायांनी ढकलत ढकलत फिरू दे, जरा सपाट जागा बघा, हलका उतार असला तर उत्तमच. पाय वर उचलून बरंच अंतर जायला लागली की समजायचं तोल आला, मग पेडल लावा. मागून सीट धरून धावायची गरज पडत नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, आणि तुम्हीही घाला, नाहीतर ती घालणार नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, काढताना पाना उलट्या दिशेने फिरवा, नाहीतर आणखी घट्ट बसेल.